कोब्रा मोटरगाडी
कोब्रा : इंग्लंडमधील ए. सी. कार्स या कंपनीच्या हलक्या दोन आसनी गाडीत अमेरिकन फोर्ड एंजिन बसवून तयार केलेली शर्यतीची मोटरगाडी. एंजिन बदलल्याने वेग सहज वाढतो. परंतु गाडी ताब्यात राहील की नाही हे सांगाडा, कमानी व चाके यांवर अवलंबून असते. मोटरगाडीच्या इतिहासातील हा धडा कोब्राइतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसून येतो.

हिची मूळ गाडी ‘एस’ ही १९५३ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडण्यात आली. जॉन टोजेरो यांच्या अभिकल्पावर आधारलेल्या तिच्या सांगाड्यात दोन जाड पोलादी नळ्या असून पुढे व मागे आडव्या पाटा कमानी होत्या. पुढील व मागील आसांमधील अंतर फक्त सु. २·२९ मी. होते. हिच्यात १९५६ पासून मिळू लागलेले २ लि. क्षमतेचे ब्रिस्टल एंजिन सु. १६५ न्यूटन-मीटर पीळ (फिरविणारे परिबल) देई. एवढ्या पिळाला हा सांगाडा पुरेसा होता. १९५९ च्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत या गाडीने सातवा क्रमांक व आपल्या गटातील विजय मिळविला.

त्याच शर्यतीचे विजेते कॅरल शेल्बी (१९२३–२०१२) यांना हृदयविकारामुळे १९६० मध्ये चालकाची कारकीर्द सोडावी लागली. ब्रिस्टल एंजिनांचे उत्पादन थांबत असल्याचे पाहून त्यांनी १९६१ मध्ये ए. सी. कंपनीपुढे अमेरिकन एंजिनाचा प्रस्ताव ठेवला. १९६२ च्या प्रारंभी फोर्डचे ४·२ लि. क्षमतेचे आठ सिलिंडरांचे एंजिन गाडीत बसविण्यात आले. पातळ भिंतींच्या ओतकामामुळे ते आकारमानाच्या मानाने हलके होते. तथापि त्याचा पीळ सु. ३६५ न्यूटन-मीटर, म्हणजे ब्रिस्टलच्या दुपटीहून अधिक होता.

या वाढीचे परिणाम लवकरच दिसले. ऑक्टोबर १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील पहिल्याच शर्यतीत बिली क्राउस आघाडीवर असताना मागच्या चाकाचा तुंबा मोडला. असे भाग मजबूत करता येत होते व ते तसे केले गेले. वळणावरील वर्तन सुधारणे मात्र अधिक कठीण होते.

टायर व रस्ता यांमधील घर्षणाला मर्यादा असते आणि ते गाडी पुढे ढकलणे व तिला वळणावर धरून ठेवणे या दोन्ही कामांत वाटले जाते. वळणात चालकाने वेगवर्धक जास्त दाबला, तर मागील चाकांची बाजूची पकड सुटून शेपूट बाहेर फेकले जाते. घाबरून पाय एकदम उचलला, तर भार पुढे सरकतो, मागील चाके हलकी होतात व परिणाम तोच होतो. हा सरकणारा भार आसांतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. २·४९ मी. आसांतराच्या समकालीन कॉर्व्हेटशी तुलना करता, इतर गोष्टी समान असल्यास, कोब्रात तो सु. ९ टक्के अधिक भरतो. शिवाय आखूड गाडी वेगाने गिरकी घेत असल्याने चालकाला सुकाणू उलट फिरविण्यास फार थोडा अवधी मिळतो. अरुंद वळणांवर गाडीला चपळ करणारा गुणच येथे दोष ठरतो. सांगाड्याची लवचिकता व पाटा कमानींमुळे कलणारी चाके यांनी ही अडचण आणखी वाढत असे.

सुधारणा टप्प्याटप्प्याने झाल्या. ४·७ लि. एंजिनाच्या गाड्यांना १९६३ मध्ये दंतपट्टी सुकाणू यंत्रणा मिळाली. १९६४ मध्ये पीटर ब्रॉक यांनी अभिकल्पिलेल्या बंदिस्त ‘डेटोना कूपे’ गाडीत जादा नळ्यांच्या जोडणीने सांगाडा ताठ करण्यात आला. अशा सहाच गाड्या बनल्या; त्यांपैकी एक त्या वर्षी ल मां येथे चौथी आली आणि १९६५ चे ग्रँड टूरिंग गटाचे जागतिक निर्मात्यांचे अजिंक्यपद कोब्राला मिळाले.

याउलट, १९६४ मध्ये पाटा कमानींच्या जुन्याच सांगाड्यात ७ लि. एंजिन बसविलेली गाडी सीब्रिंग (फ्लॉरिडा) येथे आणण्यात आली. केन माइल्स (१९१८–६६) हे अत्यंत कसलेले चालक असूनही सरावात ती झाडावर आदळली. त्यानंतर सांगाडाच नव्याने आखला गेला : नळ्यांचा व्यास ७६ वरून १०२ मिमी. झाला, पाटा कमानींऐवजी मळसूत्री स्प्रिंगा आल्या व चाके रुंद झाली. आसांतर मात्र तेच राहिले. सु. ६५० न्यूटन-मीटर पिळाची ही गाडी १९६५ पासून विकली गेली आणि सुधारणांनंतरही निष्णात चालकाचीच मानली गेली.

अलीकडच्या गाड्यांत चाकांची घसरण ओळखून पीळ आपोआप कमी करणारी इलेक्ट्रॉनीय साधने असतात. कोब्रात हे काम चालकाच्या पायालाच करावे लागे. म्हणून जुन्या गाडीत मोठे एंजिन घालू पाहणाऱ्याने प्रथम सांगाडा, टायर व गतिरोधक यांचा विचार करावा, हे तिच्या इतिहासाचे तात्पर्य आजही लागू पडते.