सरासरी अंतराचा फसवा हिशेब

भक्ती-शक्ती चौकातून निघून वाकड, नाशिक फाटा, भोसरी असा वळसा घेत चाकणला जाणाऱ्या प्रस्तावित मेट्रोची लांबी आहे सुमारे ४१ किलोमीटर आणि स्टेशने ३१. आकडा ऐकताच जाणकार म्हणवणारे सांगू लागतात की इतके थांबे दिले तर मेट्रोची पीएमपीची बस होईल. दर दीड-दोन किलोमीटरवर एक स्टेशन पुरे. हे मत चुकीचे आहे. पण ते उथळ नाही, म्हणून त्याची बाजू आधी पुरती मांडायला हवी.

ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी थांबवून पुन्हा त्या वेगाला आणण्यात वीस-बावीस सेकंद जातात, दारे उघडी राहण्यात आणखी पंचवीस-तीस. एका थांब्याचे पन्नास सेकंद धरले, तर वीस थांब्यांत सुमारे सतरा मिनिटे गेली. सकाळी पहिली पाळी गाठणाऱ्याला ती जड जातात. शिवाय प्रत्येक उन्नत स्टेशन म्हणजे जिने, सरकते जिने, लिफ्ट आणि कायमचा देखभाल खर्च.

हे सगळे खरे आहे. तरीही हा हिशेब डब्यात बसलेल्या माणसाचा आहे. माणूस घरातून निघतो आणि कारखान्याच्या गेटवर पोचतो. मधला डबा हा त्या प्रवासाचा एक तुकडा. दोन स्टेशनांच्या मध्ये नवे स्टेशन दिल्याने तिथल्या लोकांची सरासरी अर्धा किलोमीटर पायपीट वाचली असे समजा. म्हणजे माणशी सहा मिनिटे. गाडीतून पुढे जाणारे शंभर असतील आणि प्रत्येकाचे पन्नास सेकंद गेले, तर त्या स्टेशनवर चौदा जण चढले-उतरले की फिटंफाट होते. त्यात वाहतूक नियोजनात चालण्याचे एक मिनिट गाडीतल्या मिनिटापेक्षा जड, साधारण दुप्पट धरतात. तेव्हा सात जणही पुरतात. शंभरांमागे सात! पिंपरी, कासारवाडी, भोसरीच्या दाट वस्तीत एवढी माणसे मिळणार नाहीत असे कोण म्हणेल?

स्टेशन नसण्याची किंमत पुण्याने पाहिली आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी फुगेवाडीपासून सिव्हिल कोर्टापर्यंत मेट्रो सुरू झाली, तेव्हा खडकीचे स्टेशन तयार नव्हते. जून २०२५ पर्यंत गाडी बोपोडीहून थेट शिवाजीनगरला जात होती. डब्यातल्याचा वेळ वाचत होता. खडकी बाजारातल्या माणसाला मात्र डोक्यावरून जाणाऱ्या त्या गाडीचा काडीचा उपयोग नव्हता; त्याची बस सुटली नाही. वेगाची बाजू घेणाऱ्यांनी ही दोन वर्षे विसरू नयेत. स्वारगेट–कात्रज या साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गावर आधी तीनच स्टेशने होती. लोकांनी मागणी लावून धरली, तेव्हा २०२५ मध्ये बालाजीनगर आणि बिबवेवाडी यांची भर पडली. काम पुढे गेल्यावर हे करता आले नसते, कारण भुयारात स्टेशन नंतर घालणे जवळपास अशक्य असते.

मग दर चौकात स्टेशन द्यावे का? नाही. तोच हिशेब इंद्रायणी ओलांडली की उलटा लागतो. कुरुळीच्या पुढे हमरस्त्यालगत स्टेशन बांधले, तरी निघोजे, महाळुंगे, खराबवाडीच्या कारखान्यांची गेटे तिथून काही किलोमीटर आत. तिथे कोणी चालत जाणार नाही. कंपनीची बस किंवा शेअर रिक्षा लागणारच. पाच-सहा बस एकदम उभ्या राहतील, वळतील, तळेगाव चौकातल्या कोंडीत न अडकता आत शिरतील, अशी दोन-तीन प्रशस्त स्टेशने त्या भागात दहा चिंचोळ्या थांब्यांपेक्षा कामाची. इथे थांबे विरळ ठेवण्याची त्या जाणकारांची सूचना मला पूर्ण मान्य आहे. ती भोसरीलाही लावतात, तिथे त्यांचे चुकते.

४१ किलोमीटरला ३१ स्टेशने म्हणजे सरासरी अंतर सव्वा किलोमीटरहून थोडे जास्त. पॅरिसच्या जुन्या मेट्रोत ते अर्ध्या-पाऊण किलोमीटरचे आहे आणि मॉस्कोत दीडच्या पुढे. दोन्ही शहरे आपापल्या मेट्रोवर चालतात. सरासरीवरून मार्ग बरा की वाईट हे कळत नाही. भोसरीच्या लांडेवाडीत सातशे मीटर आणि चिंबळीच्या पुढे अडीच किलोमीटर, असा ओबडधोबड आराखडा कागदावर खटकेल, पण माणसे राहतात आणि काम करतात ती अशीच.

राहिला भोसरी आणि इंद्रायणी यांच्या मधल्या मोशीचा प्रश्न. तिथे आज मोकळी दिसणारी जमीन झपाट्याने भरते आहे. आजच्या गर्दीवर स्टेशन नाकारायचे असेल तर नाकारावे, पण तिथे मेट्रोच्या पुलाचा निदान एक टप्पा सरळ आणि सपाट ठेवावा. तीव्र वळणावर किंवा चढावर नंतर फलाट जोडणे फार अवघड असते. ही तरतूद आराखड्यात आत्ता केली तर तिचा खर्च नव्या स्टेशनच्या मानाने किरकोळ आहे. खांब उभे राहिल्यावर ती करता येणार नाही.