लोकलच्या वेळापत्रकामागील रेकचे गणित

उपनगरी प्रवाशाला आपली गाडी किती वाजता सुटते, एवढेच ठाऊक असते. त्या वेळापत्रकामागे रेल्वेचे आणखी एक वेळापत्रक असते. सकाळच्या अमुक फेरीला कोणता रेक लावायचा, ती फेरी संपताच त्याच रेकची पुढची गाडी कोणती करायची आणि रात्री तो कोणत्या कारशेडमध्ये उभा करायचा, हे त्यात ठरलेले असते. रेक म्हणजे एकत्र जोडलेल्या डब्यांचा संच, आणि त्याच्या दिवसभराच्या फेऱ्यांची साखळी म्हणजे 'रेक लिंक'. गाड्या वाढवाव्यात, ही मागणी जेव्हा जेव्हा होते, तेव्हा तिचे उत्तर बऱ्याच अंशी या साखळीत दडलेले असते.

दहा मिनिटांचा प्रश्न

समजा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास ५० मिनिटे लागतात आणि प्रत्येक टोकाला गाडी १० मिनिटे थांबते. म्हणजे जाऊन-येऊन १२० मिनिटे झाली. दर १० मिनिटांनी गाडी सोडायची, तर १२ रेक हवेत. टोकाचा थांबा पाच मिनिटांवर आणला, तर चक्र ११० मिनिटांचे होते आणि ११ रेक पुरतात. नवा रेक विकत न घेता एक रेक मोकळा होतो. चारच फलाट असलेल्या चर्चगेटसारख्या स्थानकात तर थांबा कमी केल्याने फलाटही लवकर रिकामा होतो.

हा प्रश्न केवळ रेल्वेचा नाही. ठरलेल्या वेळापत्रकासाठी किमान किती तेलवाहू जहाजे लागतील, याचे गणित अमेरिकेतील जॉर्ज डँटझिग आणि डेल्बर्ट फल्करसन यांनी १९५४ मध्येच मांडले होते. रेल्वेत मात्र अटी अधिक. प्रत्येक रेक ठरावीक मुदतीत तपासणीसाठी कारशेडमध्ये पोहोचला पाहिजे. बारा डब्यांच्या फलाटावर पंधरा डब्यांची गाडी थांबविता येत नाही. शिवाय रिकामा रेक हलवायचा, तरी मार्गावर एका गाडीची जागा खर्ची पडते.

यार्डातील कोडे

रात्री गाड्या उभ्या करण्याचे काम वरकरणी सोपे वाटते. परंतु एका बाजूने बंद असलेल्या सायडिंगमध्ये जो रेक शेवटी आत जातो, तोच सकाळी आधी बाहेर पडू शकतो. सगळे रेक एकसारखे असतील, तर कोणताही रेक कोणत्याही फेरीला लावता येतो. बारा डब्यांचे, पंधरा डब्यांचे आणि वातानुकूलित असे प्रकार झाले, की ही मोकळीक संपते. मग पुढचा रेक बाजूला काढून मागचा बाहेर आणण्यासाठी रात्रीच शंटिंग करावे लागते. त्यासाठी मोटरमन, कर्मचारी आणि रिकामा रूळ हवा. म्हणूनच कोणता रेक आधी आत घ्यायचा, याचा निर्णय सकाळच्या गाड्यांचा क्रम पाहूनच करावा लागतो.

नेदरलँड्सचा अनुभव

संगणक आणि गणित यांच्या आधारे ही कामे मोठ्या प्रमाणावर करण्याचे ठळक उदाहरण नेदरलँड्स रेल्वेचे आहे. तेथे गर्दीच्या वेळी दोन-तीन संच जोडून लांब गाडी करतात आणि गर्दी ओसरल्यावर ते सोडवितात. त्यामुळे शंटिंगचे कोडे आणखी किचकट होते. डिसेंबर २००६ मध्ये या रेल्वेने दिवसाला सुमारे ५,५०० गाड्यांचे वेळापत्रक नव्याने लागू केले. त्याबरोबर रेक आणि कर्मचारी यांचे नियोजनही गणिती पद्धतीने झाले. या कामाला २००८ मध्ये फ्रान्झ एडलमन पुरस्कार मिळाला.

मुंबईतील धडा

मुंबईत मध्य रेल्वेची कुर्ला, कळवा व सानपाडा, तर पश्चिम रेल्वेची मुंबई सेंट्रल, कांदिवली व विरार ही कारशेड आहेत. पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली वातानुकूलित लोकल धावली आणि रेकच्या प्रकारांत आणखी एकाची भर पडली. साध्या रेकच्या जागी वातानुकूलित रेक लावणे हा कागदावर लिंकमधील एक बदल असतो. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र त्याची नेहमीची, परवडणारी गाडी नाहीशी होते. ऑगस्ट २०२२ मध्ये कळव्यात प्रवाशांनी कारशेडमधून निघालेली वातानुकूलित लोकल अडविली, बदलापूरलाही निदर्शने झाली. अखेर मध्य रेल्वेने नव्या १० वातानुकूलित फेऱ्या पुन्हा साध्या गाड्यांनी चालविण्याचा निर्णय घेतला.

कमीत कमी रेकमध्ये जास्तीत जास्त फेऱ्या, हे उद्दिष्टही जपूनच बाळगावे लागते. टोकाचा थांबा पाच मिनिटांचा असेल, तर सहा मिनिटांचा उशीर पुढच्या फेरीच्या माथी बसतो. पावसाळ्यात रुळांवर पाणी साचले, की रेक भलत्याच टोकाला अडकतात आणि पहाटेची पहिली गाडी जिथून सुटायची, तिथे रेकच नसतो. अशा वेळी उपयोगी पडतो तो राखीव ठेवलेला रेक आणि यार्डातील एखादा मोकळा रूळ. हिशेबात हा खर्च अनाठायी दिसतो. विस्कळीत झालेली सेवा दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर सुरू होते, ती मात्र त्याच्याच बळावर.