गुण आला, तो कशाने?

ताप उतरला की आपण म्हणतो, ‘औषधाचा गुण आला.’ पण त्याच दिवशी अंगारा लावलेला असतो, दृष्ट काढलेली असते, आणि मुदतीचा ताप मुदत संपली म्हणजे आपण होऊनही उतरतो. मग श्रेय द्यावयाचे कोणाला? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधण्याची रीत माणसाला फार उशिरा सापडली, आणि त्या इतिहासाचे एक पान आपल्या अगदी शेजारी लिहिले गेले आहे.

1896 साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा राजी असलेल्या कैद्यांस लस दिली, आणि टोचलेले व न टोचलेले यांची निरनिराळी मोजदाद ठेवली. खालापुराहून बोरघाट चढून गेले की लागणाऱ्या लोणावळ्यातही त्याच वर्षी तशी मोजणी झाली. तरी शंका उरलीच. आपण होऊन हात पुढे करणारा मनुष्य मुळातच जपून वागणारा असला तर? म्हणून 1898 साली बडोद्याजवळच्या उंढेरा गावी हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील निम्मी माणसे टोचली. घर एक, पाणी एक, चूल एक; फरक काय तो सुईचा! प्लेग शिरलेल्या 28 कुटुंबांत टोचलेल्या 71 जणांपैकी 3 दगावले. न टोचलेल्या 64 जणांपैकी 26. लशीचा गुण सिद्ध झाला. पण तो पुरावा त्या 26 मृत्यूंवर उभा आहे, हे विसरून कसे चालेल?

आता रोग सोडून खोडीकडे वळू. एखादे मूल वारंवार स्वतःचेच डोके आपटून घेते. कुटुंबाचे दोन भाग पाडता येतात, एका मुलाचे कसे पाडावे? अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातील बेअर, वुल्फ आणि रिस्ले यांनी 1968 साली एका लेखात दोन वाटा नीट मांडून दाखविल्या. पहिली अशी, की मुलाची तुलना त्याच्याशीच करावी. प्रथम उपायावाचून रोज मोजावे, मग उपाय करून मोजावे, तो थांबवून मोजावे, आणि पुन्हा सुरू करावा. उपायाबरोबर खोड उतरली आणि तो थांबताच चढली, तर गुण उपायाचाच.

परंतु शिकलेले वाचन परत विसरविता येत नाही, आणि डोके आपटणे थांबले असता ते पुन्हा सुरू होऊ देणे जिवावर येते. तेथे दुसरी वाट उपयोगी पडते. समजा, हात धुण्याची सवय लावावयाची आहे. मोजणी नेरळ, कर्जत आणि खोपोली येथील शाळांत एकदमच सुरू करावी. शिकवण मात्र पहिल्या महिन्यानंतर नेरळला, दुसऱ्यानंतर कर्जतला, तिसऱ्यानंतर खोपोलीला द्यावी. प्रत्येक ठिकाणी बदल शिकवणीच्या मागोमाग आला, आधी नाही, तर तो पावसाळ्याने किंवा योगायोगाने झाला असे कोण म्हणेल?

या रीतीत कोणीही कायमचा वंचित राहत नाही. पाळी प्रत्येकाची येते. उंढेऱ्याच्या निम्म्या माणसांना जे मिळाले नाही, ते येथे उशिरा का होईना, सर्वांना मिळते. सत्य शोधावे, पण त्याची किंमत कोण मोजतो आहे हेही पाहावे, हाच या इतिहासाचा धडा होय.