सोन्नलगीचा तलाव आणि अल्लमप्रभूंचा प्रश्न

सिद्धेश्वराच्या तलावाकडे आपण सोलापूरकर रोज पाहतो, आणि रोज पाहतो म्हणूनच तो कोणी व कशासाठी खणला हे विचारीत नाही. बाराव्या शतकात हे गाव सोन्नलगी या नावाने ओळखले जाई. येथील मुद्दगौडा व सुग्गलादेवी यांचा मुलगा सिद्धराम गुरे राखी. एके दिवशी शेतात आलेल्या जंगमाला त्याने हुरडा दिला. पोटात आग पडली, दहीभात आण, असे जंगम म्हणाला. पोर घरी धावले. परतून पाहते तो जंगम नाही! तोच श्रीशैलाचा मल्लिकार्जुन, अशी श्रद्धा आहे. त्याला शोधीत सिद्धराम श्रीशैलापर्यंत गेला, आणि परतला तो गावाभोवती ६८ लिंगे स्थापण्याचा व तलाव खणण्याचा ध्यास घेऊन. राघवांक या कन्नड कवीने त्याचे चरित्र ‘सिद्धराम चारित्र’ या काव्यात गायिले आहे. काव्य म्हणजे दप्तरातला कागद नव्हे, हे मान्य. पण तलाव काही काव्यातला नाही.

पुढची हकीकत पंधराव्या शतकात संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात येते. तलावाचे काम जोरात चालू असता अल्लमप्रभू तेथे आले आणि सिद्धरामाचा उल्लेख त्यांनी ‘ओड्ड’, म्हणजे माती खणणारा वडार, असा केला. (वडार हा शब्द हिणवण्याचा का व्हावा, हे मला अजून उमगलेले नाही.) कामकरी खवळले व त्यांनी प्रभूंवर दगड फेकले. सिद्धरामही संतापून आला. तेव्हा प्रभूंनी त्याला विचारले, की बाहेरची माती एवढी उपसलीस, आतले काय उपसलेस? लिंगे तू स्थापलीस, तलाव तू खणलास, तर मग यात देव कोठे आणि तू कोठे? अखेर सिद्धराम त्यांच्याबरोबर बसवण्णांच्या कल्याणला, आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणला, गेला आणि चन्नबसवण्णांकडून त्याने इष्टलिंगाची दीक्षा घेतली.

गोष्ट सांगणारे बहुधा येथे थांबतात: ज्ञान जिंकले, कर्म हरले. माझे आयुष्य गिरणीकामगारांत गेले; माझी नजर त्या दगड फेकणाऱ्यांकडे जाते. उन्हात टोपल्या वाहणाऱ्याला कोणी येऊन म्हणावे की तुझे हे खणणे व्यर्थ, आणि त्याने दगड उचलावा, तर त्यात अज्ञान किती आणि दुखावलेला मान किती? त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

तरीही प्रभूंचा प्रश्न टाळता येत नाही. वीरशैव तत्त्वज्ञानात जग ही माया नव्हे. शिवाच्या शक्तीचाच तो विस्तार आहे. लिंग म्हणजे शिव, अंग म्हणजे जीव, आणि या दोहोंचे सामरस्य हेच साधनेचे ध्येय. असे असेल तर पाणी, दगड, देह यांपैकी काहीच देवाला परके नाही, आणि माती उपसणारा देवापासून दूर जात नाही. ‘हे मी केले’ म्हणणारा जातो. सिद्धरामाला बोच लागली ती येथेच, असे मला वाटते.

कल्याणच्या शरणांनी यासाठी शब्द दिला तो ‘कायक’. दोर वळणाऱ्या नुलिय चंदय्याची कथा पाहा. गवत कापताना अंगावरचे इष्टलिंग गळून पडले, तरी याने कापणे थांबविले नाही. देवच उचलून घे म्हणून मागे लागला. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी व त्यावर दासोह, म्हणजे आल्यागेल्यास अन्न घालणे, चाले. एके दिवशी त्याने गरजेहून जास्त आणले. बायको लक्कम्मा हिने त्याला ते जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास सांगितले. ‘श्रम हीच पूजा’ अशी पाटी कारखान्याच्या दारावर रंगविणाऱ्यांना चंदय्या फार आवडतो. लक्कम्माची गोष्ट मी काही जागी वाटाघाटींच्या टेबलावर सांगून पाहिली आहे. लगेच चहा मागविला जातो.

दर संक्रांतीच्या सुमारास आपल्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि संमती कट्ट्यावर सिद्धरामांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचे लग्न लागते. ज्या लिंगांवरून व तलावावरून प्रभूंनी टोकले, त्याच लिंगांना तेल घालून आणि त्याच तलावाकाठी अक्षता टाकून गाव सिद्धरामांची आठवण करते. वधू तर मातीत हात घालणाऱ्या घरची.