हॅम रेडिओ क्लब म्हणजे काय? तिथे काय चालतं आणि लायसन्स कसं मिळतं?

आपल्या फोनचं बोलणं थेट समोरच्या फोनपर्यंत जात नाही. ते आधी जवळच्या टॉवरवर जातं, तिथून बहुतेक वेळा फायबर केबलने कंपनीच्या यंत्रणेत आणि मग पुढे. पुरात वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली किंवा केबल तुटली, की हातातला भारी स्मार्टफोन फक्त टॉर्च म्हणून उरतो. हॅम रेडिओत मध्ये असं काहीच लागत नाही. एक रेडिओ, एक बारा व्होल्टची बॅटरी आणि एक तारेचा अँटेना, एवढ्यावर काम चालतं.

हॅम रेडिओ म्हणजेच अ‍ॅमॅच्युअर रेडिओ. सरकारी परीक्षा देऊन लायसन्स काढलेले लोक हौस म्हणून, पैसे न कमावता जो रेडिओ संवाद करतात, तो हा. प्रत्येकाला स्वतःचा कॉलसाइन मिळतो. भारतात साधारणपणे जनरल ग्रेडचे कॉलसाइन व्हीयू२ ने आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडचे व्हीयू३ ने सुरू होतात.

आवाज किती लांब जातो?

हे फ्रिक्वेन्सीवर ठरतं.

- व्हीएचएफ (भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ): या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. हातात मावणाऱ्या सेटने शहरात काही किलोमीटर, डोंगरमाथ्यावरून त्याच्या कितीतरी पट अंतर मिळतं. म्हणून क्लब उंच जागी रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने परत पाठवतो.
- एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ): या लहरी वातावरणाच्या वरच्या थरातून, म्हणजे आयनोस्फिअरमधून, वळून परत जमिनीवर येतात. त्यामुळे दुसऱ्या खंडातल्या माणसाशीही बोलता येतं. दिवस-रात्र आणि सूर्यावरच्या हालचालींप्रमाणे हे अंतर बदलतं.

अँटेनाची लांबीही यावरूनच ठरते. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीचा अँटेना सुमारे ४९ सेंटीमीटर, तर ७.१ मेगाहर्ट्झचा साधा डायपोल सुमारे २० मीटर. गच्चीवर जागा कुठून आणायची, हा हॅम लोकांचा नेहमीचा प्रश्न असतो तो यामुळेच.

क्लबमध्ये नेमकं काय करतात?

नेट: ठरलेल्या वेळी सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर येतात. एक जण नियंत्रण करतो, बाकीचे पाळीपाळीने कॉलसाइन सांगून हजेरी लावतात. ऐकायला रटाळ वाटेल, पण एका वेळी एकानेच बोलायची सवय इथेच लागते. आपत्तीच्या वेळी तीच कामाला येते.

फॉक्स हंट: एक छोटा ट्रान्समीटर लपवतात आणि दिशा ओळखणाऱ्या अँटेनाने तो शोधतात. नवीन मुलांना सगळ्यात जास्त मजा यातच येते.

फील्ड डे: वीजजोडणी नसलेल्या जागी जाऊन बॅटरी किंवा सोलरवर स्टेशन उभं करायचं. ही सहल असते आणि आपत्तीची रंगीत तालीमही.

अवकाशाशी संपर्क: इस्रोने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ मधून हॅमसॅट हा खास हॅम लोकांसाठीचा उपग्रह सोडला होता. तो २०१४ पर्यंत चालला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही हॅम रेडिओ आहे. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी तिथून भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलताना हाच मार्ग वापरला.

खरी कसोटी: डिसेंबर २००४

अंदमानातून हॅम स्टेशन चालवण्यासाठी भारती प्रसाद (कॉलसाइन व्हीयू२आरबीआय) आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ डिसेंबरला भूकंप आणि मग त्सुनामी आली. बेटांवरचे फोन बंद पडले. हौसेसाठी नेलेलं तेच सामान मग बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत पोचवण्याच्या कामी आलं. पश्चिम बंगालमधले हॅम तर गंगासागर मेळ्यात हरवलेल्या यात्रेकरूंना घरच्यांशी जोडून देतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपत्ती आल्यावर रेडिओ विकत घेऊन उपयोग नसतो. पलीकडे ऐकणारा माणूस आणि बोलण्याची शिस्त आधीच तयार असावी लागते. क्लबचं महत्त्व यात आहे.

ऑनलाइन वॉकी-टॉकी घेऊन ट्रेकला नेला तर?

थांबा. बरेच स्वस्त सेट हॅम बँडवर, शिवाय पोलीस आणि इतर सेवांच्या फ्रिक्वेन्सीवरही ट्रान्समिट करू शकतात. लायसन्सशिवाय ते वापरणं बेकायदा आहे. अशा सेटच्या ऑनलाइन विक्रीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वंही काढली. ट्रेकमध्ये ग्रुपला बोलायचं असेल, तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये चालणारे, भारतात मान्यता असलेले कमी ताकदीचे सेट लायसन्सशिवाय वापरता येतात. घेताना फ्रिक्वेन्सी आणि मान्यता, दोन्ही तपासा.

लायसन्स कसं काढायचं?

१. वय किमान १२ वर्षं हवं. इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.
२. दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर परीक्षेसाठी अर्ज करायचा.
३. परीक्षेत दोन भाग असतात: रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने लागतो.
४. पास झाल्यावर लायसन्ससाठी वेगळा अर्ज करावा लागतो. पडताळणीत वेळ जाऊ शकतो, तेव्हा धीर धरा.

नियम आणि फी बदलत असतात, म्हणून अर्जाआधी पोर्टलवरची ताजी माहिती वाचा. अनेक क्लब परीक्षेची तयारीही करून घेतात.

लायसन्स मिळाल्यावरही बंधनं असतातच. धंद्याचं बोलणं, गाणी वाजवणं आणि सांकेतिक भाषेत लपवून बोलणं चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट एन्क्रिप्टेड असतं, इथे मात्र तुमचं बोलणं कोणीही ऐकू शकतं. त्यामुळे फोन नंबर, ओटीपी असलं काही रेडिओवर सांगू नका.

आज फोनवर काय करून बघता येईल?

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर ब्राउझरमध्ये उघडा. तिथला रिसीव्हर तुम्हाला इंटरनेटवरून फिरवता येतो. ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास जा आणि मोड एलएसबी ठेवा. १४ मेगाहर्ट्झवर यूएसबी निवडा. हे यूएसबी म्हणजे चार्जिंगचं पोर्ट नव्हे, तर अप्पर साइडबँड. मोड चुकला तर आवाज बदकासारखा येईल.

दुसरा प्रयोग थोडा वाट बघायला लावतो. अवकाश स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर एसएसटीव्ही पद्धतीने चित्रं पाठवतात. म्हणजे चित्राचं रूपांतर आवाजात केलेलं असतं. अशा वेळी क्लबमध्ये जा, त्यांच्या रेडिओच्या स्पीकरजवळ रोबोट३६ अ‍ॅप चालू करून फोन धरा. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून आलेलं चित्र ओळीओळीने स्क्रीनवर उमटत जातं. त्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर असला तरी चालतो.