कॉम्प्युटरची रॅम वाढवायचीय? दुकानात जाण्याआधी हे तपासा

घरचा जुना कॉम्प्युटर स्लो झाला की 'रॅम टाका' असा सल्ला हमखास मिळतो. पण रॅम म्हणजे काही डिझेल नव्हे, कुठल्याही पंपावरचं चालायला. चुकीची रॅम बसतच नाही किंवा बसली तरी चालत नाही. विकलेला माल परत घेतला नाही, तर पैसे आणि तालुक्याची फेरी दोन्ही वाया.

खरंच रॅम कमी आहे का?
नेहमीची कामं सुरू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी ८०-९० टक्के भरलेली दिसली, तर रॅम वाढवून फरक पडेल. मेमरी रिकामी आणि डिस्क सतत १०० टक्के असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा. तिथं एसएसडी बसवावी.

प्रकार जुळलाच पाहिजे
- डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पट्टीखालची खाच वेगवेगळ्या जागी असते. जोर लावला तर स्लॉट तुटतो.
- जुन्या पट्टीचं स्टिकर बघावं. पीसी३ म्हणजे डीडीआर३, पीसी४ म्हणजे डीडीआर४.
- डेस्कटॉपची पट्टी लांब, लॅपटॉपची आखूड. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की असते, ती बदलता येत नाही.
- लॅपटॉपच्या स्टिकरवर पीसी३एल असेल तर एल असलेलीच घ्यावी. ती १.३५ व्होल्टवर चालते, साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर.
- स्वस्तात मिळणारी सर्व्हरची रॅम घेऊ नये. पीसी३-१२८००आर असा शेवटी आर असलेली पट्टी घरच्या कॉम्प्युटरवर चालत नाही.

किती टाकावी?
प्रत्येक मदरबोर्डाला मर्यादा असते. उदाहरणार्थ, इंटेल एच६१ चिपसेटला जास्तीत जास्त १६ जीबी. बोर्डाचं मॉडेल नेटवर टाकलं की माहिती मिळते. विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वापरलीच जात नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट इथं हे दिसतं.

१३३३ आणि १६०० अशा वेगळ्या स्पीडच्या पट्ट्या एकत्र लावल्या, तर दोन्ही कमी स्पीडनं चालतात. एकसारख्या दोन पट्ट्या केव्हाही चांगल्या.

बसवताना
वायर काढून ठेवावी, लॅपटॉप असेल तर बॅटरीही. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच पट्टी धरावी. डेस्कटॉपमध्ये खाच जुळवून कडेची क्लिप 'कट्' वाजेपर्यंत दाबावं. चालू केल्यावर बीप-बीप आवाज आला आणि स्क्रीन काळीच राहिली, तर बंद करून पट्टी पुन्हा नीट बसवावी.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्यावी. ते जमत नसेल तर मोबाईलवर तिच्या स्टिकरचा आणि बोर्डाच्या नावाचा फोटो काढावा. पैसे देण्याआधी 'चालली नाही तर बदलून मिळेल' असं बिलावर लिहून घ्यावं.