सवय, व्यसन आणि सायटिसीन

तंबाखूच्या इतिहासात इ.स. १९६४ या वर्षी दोन महत्त्वाच्या घटना घडल्या. त्यांपैकी एकच सर्वांच्या स्मरणात राहिली. ११ जानेवारी रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी धूम्रपान व आरोग्य यांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. पुरुषांतील फुप्फुसाचा कर्करोग व सिगारेट यांचा कार्यकारणसंबंध त्यात निःसंदिग्धपणे सांगितला होता. त्याच वर्षी बल्गेरियात 'टॅबेक्स' नावाची, धूम्रपान सोडविण्यासाठी योजिलेली गोळी प्रचारात आली. पहिली घटना जगभर गाजली. दुसरीची रीतसर दखल इंग्रजी वैद्यकीय वाङ्मयाने घेण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

या गोळीतील द्रव्य सायटिसीन होय. दक्षिण युरोपातील लॅबर्नम या विषारी झाडाच्या बियांत ते आढळते. हे झाड पूर्वी 'सायटिसस' या प्रजातीत गणले जाई. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची प्रजाती बदलली, परंतु द्रव्याचे नाव जुन्या प्रजातीवरूनच राहिले. (आपल्या बहाव्यालाही इंग्रजीत 'भारतीय लॅबर्नम' म्हणतात, मात्र हे साम्य पिवळ्या लोंबत्या घोसांपुरतेच आहे. बहाव्यात सायटिसीन नाही.) १९१२ मध्ये डेल आणि लेडलॉ यांनी सायटिसीनची शरीरावरील क्रिया निकोटिनसारखीच असल्याचे दाखविले. मेंदूतील ज्या ग्राहकांवर निकोटिन बसते त्यांवरच ते बसते. पण त्यांना अंशतःच उत्तेजित करते. त्यामुळे तलफ शमते आणि ओढलेल्या सिगारेटचे सुखही उणावते.

असे औषध हाती असता ते दुर्लक्षित का राहिले? त्याचे एक कारण शब्दांत आहे. १९६४ च्या अमेरिकन अहवालाने धूम्रपानाला 'सवय' म्हटले, 'व्यसन' म्हणण्याचे नाकारले. हा भेद जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञसमितीने १९५७ मध्ये केलेल्या व्याख्यांवर आधारलेला होता. आणि गंमत अशी की, १९६४ मध्येच त्या संघटनेच्या समितीने दोन्ही संज्ञा सोडून 'अवलंबित्व' ही संज्ञा स्वीकारण्याची शिफारस केली. सवय मोडावयाची ती निग्रहाने; तिच्यासाठी वैद्य औषधाची चिठ्ठी कशाला लिहील? निकोटिन व्यसन जडविते, असे सर्जन जनरलच्या अहवालाने स्पष्टपणे म्हटले ते १९८८ मध्ये. तथापि सारा दोष संज्ञेवर टाकणे न्याय्य नाही. निकोटिनयुक्त च्युइंगमला अमेरिकेत १९८४ मध्येच मान्यता मिळाली होती, म्हणजे व्यवहार व्याख्येच्या पुढे गेला होता.

दुसरे कारण अधिक बलवान दिसते. सायटिसीनवरील प्रयोग प्रामुख्याने बल्गेरिया, पोलंड आणि जर्मनी येथे झाले व त्यांचे वृत्तान्त बहुतांशी इंग्रजीखेरीज अन्य भाषांत छापले गेले. शीतयुद्धाची भिंत होतीच; तिच्यात भाषेची भर पडली. शिवाय वनस्पतिजन्य, जुन्या द्रव्यावर पेटंटचा लाभ नाही, म्हणून नव्या चाचण्यांवर खर्च करण्यास कोणी उत्सुक नव्हते. येथे पौर्वात्य संशोधकांची बाजू निर्दोष ठरवण्याचेही कारण नाही: त्यांच्या थोड्याच चाचण्यांत निष्क्रिय गोळी घेणारा तुलनागट होता.

२००६ मध्ये ज्यां-फ्रान्स्वा एत्तेर यांनी हे विखुरलेले वृत्तान्त एकत्र करून त्यांचा आढावा इंग्रजीत मांडला. त्याच वर्षी अमेरिकेत व्हॅरेनिक्लिन या नव्या औषधाला मान्यता मिळाली. त्याची रचना सायटिसीनच्या रेणूवरूनच बेतलेली होती. म्हणजे रसायनशास्त्रज्ञांनी रेणू वाचला होता. चिकित्सकांनी निबंध वाचले नव्हते. २०११ मध्ये वॉर्सा येथील ७४० व्यक्तींवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण सायटिसीन घेणाऱ्यांत ८.४ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २.४ टक्के होते. यश मोठे नव्हे, पण फरक खरा होता.

ब्रिटनमधील डॉक्टरांना हे औषध चिठ्ठीवर लिहून देता येऊ लागले ते जानेवारी २०२४ मध्ये. मात्रेचा क्रम टॅबेक्सचाच राहिला: दीड मिलिग्रॅमच्या गोळ्या, आरंभी दिवसाला सहा, पाचव्या दिवसापर्यंत सिगारेट पूर्ण बंद आणि पंचवीस दिवसांत शंभर गोळ्यांची समाप्ती.